पोर्चमधलं राउटर टेबल

मॅडम कुणालाच नावानं हाक मारायच्या नाहीत. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले आणि त्या दिवसापासून 'वरची' झाले. गल्लीपलीकडच्या काकू 'समोरची', किराणा दुकानदार 'कोपऱ्यावरचा', आणि मागच्या प्लॉटवर इमारत उठवणारा बिल्डर नुसता 'मागचा'. नोकरीभर त्यांनी आयटीआयमधल्या मुलांना घरांचे नकाशे काढायला शिकवलं होतं. माणूस नकाशात कुठं आहे एवढं कळलं की त्यांचं भागत असावं. त्यांचं नावही मी इथं लिहीत नाही. गल्लीत ते फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं.

मी परभणीची. चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून या शहरात आले. खोली बघायला गेले तेव्हा बाकी काही बोलायच्या आधी मॅडमनी माझ्या हातात गुण्या दिला. गवंडी आणि सुतार काटकोन तपासायला वापरतात तो लोखंडी गुण्या.

"त्या कोपऱ्यात लावून बघ," त्या म्हणाल्या.

मी लावला. गुण्या आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहिली.

"दिसली? नकाशे काढणारीच्या घराला वाकडा कोपरा. तुझी कॉट भिंतीला नीट लागणार नाय. आधीच सांगते, मागून कुरकुर नको."

मी कुरकुर केली नाही. मॅडमच्या घरात राहायचं तर बऱ्याच गोष्टींची सवय करून घ्यावी लागे. त्या सुती साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट घालत आणि कानाला सदैव पेन्सिल खोचलेली असे. चहा गाळून झाला की सगळ्या कपांत तो सारख्या उंचीला आला का हे वाकून पाहत. लग्न का केलं नाही, असं समोरच्या काकूंनी एकदा माझ्यादेखत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बदल्या लई होत्या. वेळ नाय मिळाला." हे त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं.

गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पोर्चमध्ये गाड्या उभ्या असत. मॅडमची स्कूटी मात्र रस्त्यावर उन्हात तापत असे, कारण त्यांच्या पोर्चमध्ये टेबल तयार होत होतं. "माझं राउटर टेबल व्हायलंय," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, इंटरनेटचं राउटर ठेवायला स्टूल करतायत. मी म्हटलं, आमच्या कंपनीतला एक जण भिंतीवर लावून देतो. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हात धरून पोर्चमध्ये नेलं.

तिथं एक जडशी मोटर होती, तिच्या टोकाला बोटाएवढं पातं. हे पातं गरगर फिरतं, लाकडात खाच पाडतं, कडा गोल करतं, नक्षी उठवतं. सुतार ते यंत्र, म्हणजेच राउटर, हातात धरून लाकडावरून फिरवतात. मॅडमना ते टेबलाखाली उलटं टांगायचं होतं. टेबलाला भोक पाडायचं, त्यातून पातं वर येऊ द्यायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं.

"हातात का नाही धरायचं?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं बारीक थरथरत होती. "नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून हे असंय. मशीन टेबलानं धरलं तर कामावर थरथर उतरत नाय."

त्यांचं हे वेड कुठून आलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिल्या नेमणुकीवर त्यांच्या वर्गाशेजारी सुतारकामाचं वर्कशॉप होतं. एकदा त्या आत गेल्या आणि रंधा उचलला, तर तिथले सर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही रेघा मारा." त्यांनी रंधा खाली ठेवला. पुढं त्यांनी किती खिडक्या-दारांचे नकाशे काढले असतील, पण एक खिळा कधी ठोकला नाही. "आमच्या वडलांना गावात सुताराच्या पडवीत पाय ठेवता येत नव्हता," एकदा त्या लाकूड घासता घासता म्हणाल्या. "मला आत जाता आलं, पण हत्यार नाय उचलता आलं. चला, एक पिढी पुढं सरकलो." त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्या चौकटीचा एक कोपरा उघडा पडला होता आणि तो त्यांच्या नजरेला रोज खुपत असे.

गाव सोयगावच्या पलीकडं होतं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. घरात एकालाच शिकवता येणार होतं, मोठी म्हणून त्या शिकल्या. भाऊ सातवीनंतर मजुरीला लागला. पुढं मॅडमना पगार सुरू झाला, तशी त्या जातील त्या गावाहून त्याला पुस्तकं पाठवू लागल्या आणि त्यानं विहाराच्या बाजूच्या खोलीत वाचनालय काढलं. संध्याकाळी कामावरून येऊन तो खोली उघडायचा, झाडायचा, पोरांना पुस्तकं द्यायचा. त्याची एकच तक्रार होती. पुस्तकं ट्रंकांत आणि जमिनीवर असल्यामुळं त्यांना वाळवी लागायची. त्यानं आक्काला, म्हणजे मॅडमना, दोन लोखंडी कपाटं मागितली होती.

मॅडम म्हणाल्या, लोखंडी कपाटं तहसिलीत शोभतात. मी लाकडाची करते, माझ्या हातानं.

म्हणून हत्यार हवं होतं, आणि हत्याराला टेबल.

टेबलाची चौकट त्यांनी जुन्या लोखंडी कॉटच्या अँगलमधून जोडून घेतली. अडलं वरच्या फळीपाशी. प्लायवूड उन्हाळ्यात वाकलं. संगमरवर जड पडला आणि त्याला भोक पाडताना कपची उडाली. मॅडमना सपाट हवं होतं. त्या स्टीलची पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का बघत, आणि उजेड येईच. "सगळं पोटात वाकडं असतं," त्या म्हणत. मोबाईलवर त्या एका परदेशी सुताराचे व्हिडिओ बघायच्या. तो इंचांत बोलायचा आणि मॅडम त्याला मध्येच थांबवून मिलिमीटर काढायच्या. त्यानंच त्यांच्या डोक्यात सॉलिड सरफेस भरवला. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या काउंटरवर बसवतात तो हा कृत्रिम दगड. पाण्यानं फुगत नाही, लाकडासारखा कापता येतो आणि सपाट म्हणजे सपाट.

त्या वर्षांत जालना रोडवर रोज काहीतरी पाडत होते आणि त्याच जागी दुसरं काहीतरी उभं करत होते. एका कपड्याच्या शोरूमची मोडतोड चालू होती. बाहेर राडारोड्यात पांढरट काउंटर आडवा पडलेला मॅडमना स्कूटीवरून दिसला. मला रविवारी तिथं घेऊन गेल्या. ठेकेदार म्हणाला, "किचन का ओटा बनवायचा का मावशी?"

"नाय. मशीन उलटी टांगायचीय," मॅडम म्हणाल्या आणि खिशातली पट्टी काढून राड्यात गुडघ्यावर बसल्या. पट्टी लावली, वाकून बघितलं. बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा चेहरा बदलला होता. मला हळूच म्हणाल्या, "उजेड नाय येत." मी त्यांना एवढं खूष परत कधी पाहिलं नाही.

पण ते दिवस खुषीचे नव्हते. आदल्या वर्षी पाऊस नावाला पडला होता, त्या वर्षी तेवढाही नाही. नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि तोही कधी चुकायचा. अंगणातली बोअर चालू केली की नुसती हवा फुसफुसायची. आमच्या जिन्याखाली ड्रम भरून ठेवलेले असत. अंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासात. अशात मॅडमनी काउंटर कापायला काढला. त्याचा भुसा पिठापेक्षा बारीक, पांढरा. तो पोर्चमधून उठला, गल्ली ओलांडून गेला आणि समोरच्या काकूंच्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर बसला. आठवड्याचे कपडे त्यांनी त्याच सकाळी, नळ आला म्हणून, धुतले होते.

काकू भांडायला आल्या नाहीत. त्या एक चादर हातात धरून फाटकाशी उभ्या राहिल्या. "मॅडम, आता हे परत धुवायला मी पाणी कुठून आणू, तेवढं सांगा."

मॅडमनी आपला जिन्याखालचा भरलेला ड्रम काकूंना देऊन टाकला. काकूंच्या मुलानं तो तिरका करून, घरंगळवत नेला. मग मॅडम मला म्हणाल्या, "आजच सगळं कापून टाकते. परत धूळ नको."

त्या दुपारी त्यांनी घाई केली. मशीनची पत्र्याची ताटली बसवायला फळीत चौकोनी खिडकी पाडायची होती. तिचे आतले कोपरे गोल ठेवायला हवे होते. ते ठेवायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी चौकोन धारदार कापला. संध्याकाळी मशीन टांगलं, स्क्रू आवळले आणि कट् असा आवाज झाला. खिडकीच्या एका कोपऱ्यातून कडेपर्यंत तिरपी चीर गेली.

मी जिन्यावरून खाली आले तेव्हा त्या पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या. त्या पांढऱ्या भुशात भुवयांसकट माखल्या होत्या.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगायचे मी," त्या म्हणाल्या. "भिंतीला तडा कुठून जातो? खिडकीच्या कोपऱ्यातून. परीक्षेत विचारायचे. ज्याला येत नव्हतं त्याचे मार्क कापायचे."

"दुसरा काउंटर बघू ना."

"नको. हाच धरून ठेवते."

चीर त्यांनी डिंकासारख्या एका रसायनानं भरली, घासली, खालून पट्ट्या मारल्या. रंग जुळला नाही. पांढऱ्या फळीवर एक पिवळसर रेघ कायम राहिली. पण पट्टी ठेवून बघितली तेव्हा खालून उजेड आला नाही, आणि टेबल झालं.

मग कपाटं सुरू झाली. शहरातली जुनी घरं पडत होती, त्यांच्या दारांचं सागवान वखारीत येत होतं. मॅडम ते आणायच्या आणि खिळे उपटायच्या. कापणं आणि रंधणं वखारीतच व्हायचं, पण खाचा, कडा, काचेच्या चौकटी, सगळं त्या टेबलावर. थरथरणाऱ्या हातांनी त्या लाकूड पुढं ढकलत आणि ते पलीकडून गुळगुळीत कड घेऊन बाहेर येई. एक तुकडा त्यांनी मला डोळे मिटून चाचपायला लावला होता. "कुणाच्या हाताला टोचू नाय. पोरं हात घालतील त्यात."

रविवारी सकाळी भावाचा फोन यायचा. मॅडम स्पीकर लावून काम करत राहायच्या. भाऊ कधी घाई करायचा नाही.

"होऊ दे सावकाश, आक्का. कपाटं काय पळून चाललीत का."

"पोरं येतात का वाचायला?"

"येतेत की."

"मागं आवाज कशाचा रे?"

"थ्रेशर हाय, आक्का. मळणी चाललीय."

फोन ठेवल्यावर मॅडम एकदा म्हणाल्या, "दुष्काळात कुणाचं एवढं पिकलं की रविवारच्या रविवार मळतात." तेवढंच. मग मशीन चालू झालं आणि विषय राहिला.

भावालाही या शहरात यायचं होतं, हे मला काकूंकडून कळलं होतं. दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी तो येऊन गेला, काम बघतो म्हणाला. मॅडमनी त्याला त्याच पावली परत पाठवलं. वाचनालय बंद पडलं तर मला तोंड दाखवू नको, असं भर पोर्चमध्ये म्हणाल्या होत्या. तो मान खाली घालून गेला, असं काकू सांगत.

कपाटं तयार व्हायला टेबल झाल्यानंतरचा उन्हाळाही उलटला. दोन मोठी, काचेच्या दारांची कपाटं. पावसाळा कोरडाच चालला होता. मॅडमनी भावाला न कळवता टेंपो ठरवला. त्याला एकदम दाखवायची होती. मला सुट्टी घ्यायला लावली. आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलो. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला. शेतांत गुडघ्याएवढी कपाशी उभी वाळली होती. मॅडम दर गचक्याला मागं वळून बघत होत्या.

विहाराच्या खोलीला कुलूप होतं. कुलपावर गंज चढला होता. बाजूच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं मॅडमना ओळखलं, जय भीम घातला.

"खोली बंद का?" मॅडमनी विचारलं.

"उघडायला हाय कोण बाई. तुमचा भाऊ तर कवाच गेला. बायकूला घिऊन गेला."

"कुठं?"

म्हातारी गोंधळली. "औरंगाबादलाच की. तुमच्याकडंच नाय का? विमानतळाच्या मागं मोठ्या बिल्डिंगी व्हायल्यात, तिथं वॉचमन हाय म्हणत्यात. हिर आटली, टँकर ईना, मग काय करावं माणसानं. पोरंबी गेली समदी. कुणी उसाला, कुणी पुण्याला."

मला वाटलं, मॅडम टेंपो वळवायला सांगतील. त्यांनी चावी कुणाकडं आहे ते विचारलं. चावी म्हातारीकडंच होती. खोलीत जाळी लागली होती. एका ट्रंकेचा तळ वाळवीनं मातीत मिळवला होता. वरची पुस्तकं शाबूत होती, खालच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत मातीच भरलेली होती. मॅडमनी पदर खोचला. ड्रायव्हर, मी आणि दोन म्हातारे गडी, आम्ही मिळून कपाटं आत नेली. जमीन उंचसखल होती. मॅडमनी सपाटी बघायची काचनळी कपाटावर ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायांखाली लाकडाच्या चिपा सारल्या. वाचलेली पुस्तकं झटकून आत लावली. त्यांनी एका कपाटाचे दोनच कप्पे भरले. दुसरं रिकामंच राहिलं. त्यांनी चारही दारं उघडून, लावून बघितली, आणि कुलूप घालून चावी म्हातारीच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर टेंपो घाट चढून आला. मॅडम समोर बघतच म्हणाल्या, "मिक्सर होता तो. सिमेंट कालवायचा. थ्रेशर म्हणाला मला."

पुढच्या रविवारी मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून चिकलठाण्याला नेलं. विमानतळाच्या मागं सगळा माळ खणलेला होता, जिकडंतिकडं खांब उभे. एक वॉचमन दुसऱ्याचा पत्ता सांगत होता, तो तिसऱ्याचा. शेवटी एका अर्धवट इमारतीपाशी, खांबांना गुंडाळलेल्या गोणपाटांवर पाइपनं पाणी मारणारा एक वाळका माणूस दिसला. त्याचा खाकी शर्ट त्याला दोन मापं मोठा होता. त्यानं आम्हाला बघितलं. पाइप तसाच हातात राहिला, पाणी त्याच्या पायांवर पडत राहिलं.

"आक्का."

"कधीपासून?"

"तू माघारी धाडलंस, त्याच्या म्होरच्या महिन्यात."

पत्र्याच्या खोपटातून त्याची बायको बाहेर आली आणि डोक्यावर पदर ओढून तिथंच उभी राहिली. मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. बहुतेक बसायला जागा शोधत होत्या. मग उभ्याच राहिल्या.

"माझ्या घरापासून इथं यायला किती वेळ लागतो रे? आणि तू मला दर रविवारी गावाहून बोलतोस."

त्यानं पाइप खाली टाकला.

"का नाय सांगितलंस?"

"तू कपाटं करत व्हतीस, आक्का," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

मॅडमनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग म्हणाल्या, "चल घरी. दोघंबी चला. खालची खोली रिकामीच असते."

भावानं बायकोकडं बघितलं. बायकोनं खाली बघितलं.

"आक्का, राग मानू नको," तो म्हणाला. "इथं रोज टँकर येतो. शिमिटाला पाणी लागतं ना, एक दिस चुकवत नाय मालक. त्यात आमचं समदं भागतं. हिला आता कुठं जाऊन लायनीत उभं राहावं लागत नाय. तुझ्या नळाचं कसंय, ते मला ठावं हाय."

मॅडमनी मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं. निदान त्याच्यात खोट काढता येत नव्हती. निघताना म्हणाल्या, "कपाटं बसवून आले. दारं नीट लागतात."

"बरं केलंस," भाऊ म्हणाला.

त्यानंतर मॅडमनी मशीन चालू केलेलं मी ऐकलं नाही. टेबलावर त्यांनी जुनी चादर टाकली. मी विचारलं, आता काय करायचं ठरवलंय, तर म्हणाल्या, "काही मागितलं तर करीन. कुणी काही मागायला तर पायजे." तसबिरीची चौकट तेवढी दुरुस्त करा, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी हूं केलं. ते काम झालं नाही. चहा मात्र त्या सारख्या उंचीनंच ओतत राहिल्या.

वर्षभरात माझं लग्न ठरलं आणि मी सिडकोत राहायला गेले. मॅडमकडं जाणं कमी होत गेलं. आमच्या कंपनीची बस विमानतळाच्या मागच्या नव्या रस्त्यानं जायला लागली होती, कारण जालना रोडवर पुलाचं काम निघालं होतं. एका दुपारी दुसऱ्या पाळीला जाताना बस तिथं वाहनांच्या गर्दीत अडकली. शेजारी एक नवी इमारत उठत होती, पहिल्या इमारतीपासून बरीच पुढं. नवीन साइट, तोच वॉचमन, मॅडमचा भाऊ. तो विटांच्या ढिगाच्या सावलीत बसून भाकरी खात होता. बायको त्याच्यासमोर तांब्या घेऊन बसली होती.

त्याला जेवायला सवड मिळावी म्हणून भिंतीपाशी मॅडम उभ्या होत्या. साडीवर तोच पुरुषी शर्ट, कानाला पेन्सिल. दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरून कुणा परक्याच्या भिंतीला पाणी देत होत्या. हात थरथरत होते त्यामुळं धार एका जागी राहत नव्हती, ती सगळ्या भिंतीवर फिरत होती. बस सुटेपर्यंत मी बघत राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.